स्थळ, संहिता आणि वसती : कोसंबींच्या महापाषाण-वाचनाची चिकित्सा

एक

मराठी समीक्षेने स्थळाचा विचार बहुधा साहित्यकृतीच्या अंगाने केलेला आहे. प्रादेशिक कादंबरीच्या चर्चेत स्थळ हे पार्श्वभूमी म्हणून येते, संतसाहित्याच्या चर्चेत चरित्राचा तपशील म्हणून येते आणि प्रवासवर्णनाच्या चर्चेत वर्णनाचा विषय म्हणून येते. या तिन्ही ठिकाणी वाचली जाते ती साहित्यकृती. स्थळ केवळ तिच्या अर्थाला साहाय्य करते. याच्या उलट प्रश्न क्वचितच विचारला गेला : स्थळ हीच संहिता मानली, तर तिचे वाचन कसे होते, त्या वाचनाचे नियम कोणते आणि त्याच्या मर्यादा कोणत्या? दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) यांच्या पुणे परिसरातील क्षेत्रीय लेखनाने हा प्रश्न मराठी अभ्यासकाच्या दारात आणून ठेवला. हे लेखन इंग्रजीत असले, तरी त्याचा विषय, त्याची भूमी आणि त्यात वारंवार येणारी दैवते व संत मराठी आहेत. असे असूनही त्याची दखल इतिहासाच्या आणि मानववंशशास्त्राच्या अभ्यासकांनी जितकी घेतली तितकी साहित्याच्या अभ्यासकांनी घेतली नाही.

विवेचनासाठी एकच स्थळ समोर ठेवणे सोयीचे ठरेल. पुण्याच्या पूर्वेस असलेले थेऊर हे गाव मुळा-मुठेच्या वळणामुळे तीन बाजूंनी पाण्याने वेढलेले आहे. नदीने चौथी बाजू मोकळी सोडली म्हणून ते बेट झाले नाही, एवढेच. अष्टविनायकांपैकी चिंतामणीचे हे स्थान. मोरया गोसावींच्या परंपरेने ते चिंचवडशी जोडलेले असून तेथील मंदिराची उभारणी चिंचवडच्या देव घराण्याने केली. थोरले माधवराव पेशवे १७७२ साली येथेच निवर्तले आणि रमाबाई येथेच सती गेल्या. ही झाली थेऊरची सर्वज्ञात संहिता. कोसंबींनी मात्र याच परिसरातील महापाषाणांकडे लक्ष वेधले. १९६२ साली ‘मॅन’ या मानववंशशास्त्रीय नियतकालिकात त्यांनी पुणे जिल्ह्यातील महापाषाणांवर टिपण प्रसिद्ध केले. त्याच वर्षी ‘मिथ अँड रिअॅलिटी’ हा त्यांचा निबंधसंग्रहही प्रकाशित झाला. चिंतामणीच्या दर्शनाला येणाऱ्या यात्रेकरूच्या वाटेवर हे पाषाण येत नाहीत. कोसंबींच्या वाटेवर चिंतामणी येतो, परंतु त्या वाटेचा शेवट तेथे होत नाही. एकाच भूमीवर दोन वाचक दोन भिन्न संहिता वाचतात. त्यांतील कोणती संहिता खरी, असा प्रश्न विचारणे व्यर्थ आहे. ज्या रीतीने त्या वाचल्या जातात त्या रीतींचा परस्परसंबंध काय, हा खरा प्रश्न आहे.

दोन

प्राचीन स्थळाला दिलेली भेट शब्दबद्ध करण्याची मराठीतील परंपरा कोसंबींपासून किंवा इंग्रजी अमदानीपासून सुरू होत नाही. महानुभावांची ‘स्थानपोथी’ हा या परंपरेतील आद्य आणि अजूनही पुरेसा न अभ्यासला गेलेला ग्रंथ होय. चौदाव्या शतकातील या ग्रंथाचा हेतू वरकरणी अत्यंत मर्यादित आहे : चक्रधरस्वामी ज्या ज्या ठिकाणी राहिले, बसले, निजले त्या ठिकाणांची नेमकी नोंद करणे. गावाच्या कोणत्या दिशेला कोणते देऊळ, त्याचे दार कोणत्या दिशेस, त्याच्या कोणत्या भागात स्वामींचे आसन, ही माहिती ग्रंथ कोरडेपणाने देतो. त्यात भावोत्कट वर्णन नाही. किंबहुना वर्णनाचा मोहच नाही.

हा कोरडेपणा अर्थपूर्ण आहे. महानुभाव विचारात स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक यांना विशेष महत्त्व आहे. स्थान वंदनीय ठरते ते परमेश्वरावताराच्या सान्निध्यामुळे. तेथील देवळात कोणती देवता आहे यामुळे नव्हे. चक्रधर अनेकदा देवळांत उतरले, परंतु त्या देवतांची उपासना हा त्यांच्या उपदेशाचा भाग नव्हता. उलट इतर देवतांच्या उपासनेला तेथे मोक्षदृष्ट्या स्थानच नाही. त्यामुळे ‘स्थानपोथी’त देऊळ सर्वत्र आहे आणि देव जवळजवळ कोठेच नाही. जुन्या दगडाची पूजा होत नाही, त्याचा उच्छेदही होत नाही. तो एका नव्या अर्थाचा पत्ता होतो. ‘लीळाचरित्रा’त अशा मुक्कामासाठी ‘वसती’ हा शब्द वारंवार येतो. ही वसती म्हणजे पूर्वीच्या घरमालकाशी नाते सांगणे नव्हे आणि त्याला हुसकावून लावणेही नव्हे. दुसऱ्याच्या वास्तूत आपला अर्थ घेऊन राहणे, असा या शब्दाचा व्यापक आशय घेता येईल. पुढील विवेचनात ही संज्ञा याच आशयाने वापरलेली आहे.

‘स्थानपोथी’नंतरचा दुसरा टप्पा वेगळ्याच दिशेने येतो. जॉन बन्यनच्या ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’चे हरी केशवजी यांनी केलेले मराठी भाषांतर ‘यात्रिकक्रमण’ या नावाने १८४१ साली प्रसिद्ध झाले. येथे यात्रा आहे, परंतु स्थळ नाही; कारण वाटेतील प्रत्येक टेकडी, दलदल आणि नगरी ही आत्म्याच्या एकेका अवस्थेचे रूपक आहे. रूपक उलगडले की स्थळ संपते. ‘स्थानपोथी’त स्थळाला कोणत्याही रूपकात विरघळू न देण्याचा कटाक्ष होता, ‘यात्रिकक्रमणा’त स्थळाला रूपकापलीकडे अस्तित्वच नव्हते. तिसरा टप्पा गॅझेटियरचा. १८८५ साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुणे जिल्ह्यावरील अठरावा खंड तीन भागांत प्रसिद्ध झाला. त्यात स्थळ ही वर्णानुक्रमातील एक नोंद आहे : अंतर, लोकसंख्या, बाजाराचा दिवस, देऊळ, आख्यायिका. येथे स्थळ ना सान्निध्याने अर्थपूर्ण होते, ना रूपकाने. ते प्रशासनाच्या दृष्टीने केवळ उपलब्ध असते.

कोसंबींनी ‘मिथ अँड रिअॅलिटी’मधील पश्चिम दख्खनच्या प्रागितिहासावरील निबंधाला बन्यनचेच शीर्षक दिले. यामागे त्यांचा नेहमीचा तिरकस विनोद आहे, हे उघड आहे. परंतु विनोदाच्या पलीकडेही या शीर्षकाला अर्थ आहे. बन्यनच्या यात्रिकाची वाट रूपकाची होती. कोसंबींची वाट पायांखालची आहे. बन्यनचा यात्रिक स्वर्गीय नगरीकडे जातो. कोसंबींचा यात्रिक सूक्ष्मास्त्रे सापडणाऱ्या माळाकडे, धनगरांच्या मार्गाकडे आणि शेंदूर माखलेल्या तांदळ्याकडे जातो. शीर्षक उसने घेऊन त्यांनी यात्रेची दिशा उलटी केली.

तीन

कोसंबींच्या क्षेत्रीय कामाची चर्चा करताना त्यांच्या व्यक्तिमत्त्वाचा एक भाग सहसा बाजूला राहतो. गणितज्ञ, मार्क्सवादी इतिहासकार, नाणकशास्त्रज्ञ या ओळखींबरोबरच ते संस्कृत संहितांचे संपादक होते. भर्तृहरीच्या सुभाषितांची त्यांची चिकित्सक आवृत्ती १९४८ साली प्रसिद्ध झाली. विद्याकराच्या ‘सुभाषितरत्नकोशा’ची आवृत्ती त्यांनी वि. वि. गोखले यांच्यासह सिद्ध केली आणि ती हार्वर्ड प्राच्यमालेत १९५७ साली निघाली. पाठचिकित्सकाचे काम काय असते? अनेक हस्तलिखिते जमवावयाची, त्यांतील पाठभेद नोंदवावयाचे, हस्तलिखितांची कुळे निश्चित करावयाची आणि उत्तरकालीन भर बाजूला सारून शक्य तितक्या जुन्या पाठापर्यंत पोहोचावयाचे. भांडारकर संस्थेच्या महाभारत-प्रकल्पामुळे पुण्याच्या विद्याविश्वात ही पद्धती केवळ तंत्र न राहता एक मनोवृत्ती झालेली होती.

कोसंबींचे क्षेत्रीय लेखन लक्षपूर्वक वाचले, तर तेथे हीच मनोवृत्ती हस्तलिखितावरून भूमीवर आलेली दिसते. ‘मिथ अँड रिअॅलिटी’मधील मातृदेवतांच्या स्थानांवरील निबंध हा याचा उत्तम नमुना आहे. निबंधाचा आरंभ होतो तो ‘मृच्छकटिका’तील एका छोट्या प्रसंगाने. संध्याकाळी चारुदत्त मैत्रेयाला चव्हाट्यावर मातृकांना बली अर्पण करून येण्यास सांगतो. नाटकाच्या दृष्टीने हा तपशील क्षुल्लक आहे आणि बहुतेक वाचक तो ओलांडून पुढे जातात. कोसंबी थांबतात. मातृकांना बली चव्हाट्यावरच का? देवळात, घरात, नदीकाठी का नव्हे? संहितेतील या अडचणीचे उत्तर ते संहितेत शोधत नाहीत. त्यासाठी ते पुणे परिसरातील गावशिवांवर, खिंडींत आणि टेकड्यांवर हिंडतात. गावाबाहेरच्या, वस्तीपासून दूरच्या देवींची स्थाने ते नोंदवतात, त्या स्थानांभोवती सूक्ष्मास्त्रे सापडतात काय हे पाहतात आणि अखेर असे प्रतिपादन करतात की, चव्हाटा हा शेतीपूर्व काळातील फिरस्त्या समूहांच्या मार्गांचा छेदबिंदू असावा. देवी तेथे आली ती गावाच्या आधी.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला या निबंधातून मिळणारा धडा मोठा आहे. अभिजात नाटकातील दोन ओळींचा अर्थ लावण्यासाठी माळावरचा निनावी दगड पुरावा म्हणून उभा राहतो. उच्च आणि नीच, लिखित आणि मौखिक, ग्रंथ आणि गाव यांच्यातील श्रेणी येथे मोडून पडते. आंतरसंहितात्मकतेची चर्चा मराठी समीक्षेत रुजण्याच्या कितीतरी आधी कोसंबींनी ग्रंथाला भूमीच्या संहितेशी भिडवून दाखविले होते. थेऊरच्या महापाषाणांची नोंद याच पद्धतीचे फळ आहे. विदर्भातील टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड येथील शिळावर्तुळे शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे उत्खनित केली. त्यांतून दफने, लोखंडी अवजारे, घोड्यांचे अलंकार समोर आले आणि विदर्भाच्या महापाषाण संस्कृतीला पुरातत्त्वाच्या ग्रंथांत स्वतंत्र प्रकरण मिळाले. पुणे परिसरातील पाषाणांना असे प्रकरण लाभले नाही. त्यांना लाभला तो एक वाचक.

चार

कोसंबींच्या वाचनाचे मोल मान्य केल्यावरच त्याच्या मर्यादेचा विचार करणे न्याय्य ठरते. ही मर्यादा माहितीची नाही. नव्या शोधांनी त्यांच्या काही निष्कर्षांत दुरुस्ती होईल, तशी ती सर्वांच्याच निष्कर्षांत होते. मर्यादा आहे ती हस्तलिखितावरून भूमीवर आणलेल्या पद्धतीची. पाठचिकित्सेत जुना पाठ अधिक प्रमाण मानला जातो. नंतरची भर ही प्रक्षेप ठरते. हा निकष भूमीला लावला की, सर्वांत खालचा थर हा स्थळाचा ‘मूळ पाठ’ होतो आणि वरचे सर्व थर त्याचे पाठभेद किंवा अवशेष होतात. कोसंबी स्वतः सावध आहेत. भक्त बदलतात, नावे बदलतात हे त्यांच्या लेखनात जागोजागी येते. तरीही त्यांच्या विवेचनाचा ओघ सातत्याकडे झुकतो : नाव बदलले तरी स्थान तेच, स्थान तेच म्हणून अर्थही खोलवर तोच.

या ओघाची कसोटी तुकारामाच्या संदर्भात लागते. देहूजवळचा भंडारा डोंगर आणि चाकणच्या बाजूचा भामचंद्र डोंगर ही तुकारामाच्या एकांतवासाची स्थाने म्हणून प्रसिद्ध आहेत. गाथेतही भामगिरीचा निर्देश आहे. दोन्ही डोंगरांवर प्राचीन कोरीव गुंफा आहेत. संतांची ही स्थाने त्याहून जुन्या पवित्र स्थळांवर, जुन्या मार्गांच्या लगत असावीत हा योगायोग नव्हे, अशी कोसंबींच्या वाचनाची दिशा आहे. भूगोलाच्या पातळीवर हे निरीक्षण मार्मिक आहे. परंतु भूगोलाकडून कवितेकडे जाताना अडचण उभी राहते. गाथेत जाखाई-जोखाईसारख्या क्षुद्र दैवतांचा, शेंदूर माखलेल्या दगडांचा, नवससायासांचा इतका कठोर निषेध आहे की, त्या दैवतांच्या सातत्याने त्या कवितेचे स्पष्टीकरण देणे म्हणजे कवितेचे म्हणणे न ऐकणे होय. तुकाराम जुन्या गुंफेत बसला हे खरे. पण जे जुने होते तेच तो पुढे बोलला असे त्यावरून ठरत नाही. स्थळ सातत्य सांगते, शब्द विच्छेद सांगतो. समीक्षेला या दोहोंपैकी एकाची निवड करून चालणार नाही. दोन्ही एकाच वेळी खरे कसे, हे तिला सांगता आले पाहिजे.

येथे ‘स्थानपोथी’ने दिलेली वसतीची संज्ञा उपयोगी पडते. चक्रधर देवळात वसती करतात आणि देवळातील देवतेचे अनुयायी होत नाहीत. तुकाराम गुंफेत राहतो आणि गुंफेच्या आधीच्या रहिवाशांचा वारसदार होत नाही. तरीही ते देऊळ आणि ती गुंफा नगण्य नाहीत. लोकवस्तीपासूनची त्यांची दूरता, त्यांची पोकळी, त्यांतील शांतता ही पूर्वीच्या रहिवाशांनी निर्माण केलेली किंवा राखलेली असते आणि नव्या रहिवाशाला ती आयती मिळते. मिळते ती जागा. मिळत नाही तो अर्थ. अर्थ त्याला स्वतः आणावा लागतो. सातत्याचा सिद्धांत या दोहोंत भेद करत नाही. वसतीच्या दृष्टीने पाहिले, तर स्थळाचा इतिहास हा एका अर्थाच्या टिकाव धरण्याचा इतिहास न राहता, एकाच जागेत क्रमाने उतरलेल्या परक्यांचा इतिहास होतो.

गाथेच्या संपादनाचा इतिहासही हेच सुचवितो. शंकर पांडुरंग पंडित यांनी सिद्ध केलेली गाथा १८६९ आणि १८७३ साली दोन भागांत प्रसिद्ध झाली. हस्तलिखितांच्या आधारे निश्चित पाठ देण्याचा तो भगीरथ प्रयत्न होता. तथापि, ज्या कवीच्या वह्या पाण्यात बुडविल्याची कथा परंपरा सांगते आणि ज्याचे अभंग टाळकऱ्यांच्या मुखातून वाढत गेले, त्याच्या बाबतीत ‘मूळ पाठ’ ही कल्पना कोठवर ताणावयाची, हा प्रश्न प्रत्येक संपादकापुढे उभा राहिला आहे. गाथा ही एका मूळ प्रतीची अपभ्रष्ट संतती नव्हे; गाणाऱ्यांच्या पिढ्यांनी त्या शब्दांत केलेली वसती म्हणजे गाथा. जी गोष्ट शब्दांच्या संहितेबाबत पटते, ती दगडांच्या संहितेबाबत नाकारण्याचे कारण नाही.

रा. चिं. ढेरे यांच्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथाशी तुलना केली, तर मुद्दा अधिक स्पष्ट होईल. ढेरेही दैवताच्या उन्नयनाच्या मागे जाऊन गवळी-धनगरांच्या आदिदैवताचा शोध घेतात. त्या अर्थाने तेही मूळशोधक आहेत. परंतु त्यांच्या शीर्षकातील ‘समन्वय’ हा शब्द वरच्या थरांना प्रक्षेप न ठरविता दैवताच्या घडणीचे भागीदार मानतो. भालचंद्र नेमाड्यांच्या ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ (२०१०) या कादंबरीचा नायक खंडेराव हा पुरातत्त्वाचा अभ्यासक आहे, आणि तरीही कादंबरीच्या उपशीर्षकात थर नाही, अडगळ आहे. थरात कालानुक्रम असतो. अडगळीत सर्व काळ एकाच खोलीत हाताशी पडलेले असतात. समन्वय आणि अडगळ या दोन्ही संज्ञा मूळ पाठाच्या आग्रहाला दिलेली उत्तरे आहेत. तथापि, पहिलीत विरोध मिटून जातो आणि दुसरीत क्रम मिटून जातो. वसतीच्या संज्ञेत क्रमही राहतो आणि विरोधही राहतो, म्हणून ती येथे अधिक समर्पक वाटते.

पाच

यावर एक आक्षेप संभवतो. लिखित परंपरेचा आधार नसलेल्या महापाषाणांना ही चर्चा कशी लागू व्हावी? ज्या स्थळाला चक्रधर नाही, तुकाराम नाही, त्याचे वाचन पुरातत्त्वाखेरीज अन्य कोणत्या मार्गाने होणार? या आक्षेपाचा विचार करण्यासाठी महापाषाणी मंदिरांचे जगातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पाहता येईल.

भूमध्य समुद्रातील माल्टा आणि गोझो या बेटांवर इ. स. पूर्व सुमारे ३६०० ते २५०० या काळात उभारलेल्या महापाषाणी वास्तू आहेत. गोझोवरील ‘जगांतिया’ हे त्यांतील अतिप्राचीन वास्तूंपैकी एक. १८२७ साली तेथील माती उपसून वास्तू मोकळी केली गेली. १९८० साली ती जागतिक वारशाच्या यादीत आली आणि १९९२ साली त्या नोंदीत अन्य मंदिरांची भर पडली. माल्टाच्या दक्षिण किनाऱ्यावरील हाजर-ईम आणि म्नायद्रा या वास्तूंवर २००९ साली संरक्षक छत्रे उभारण्यात आली. या वास्तूंना ‘मंदिरे’ म्हणतात, परंतु त्यांच्या निर्मात्यांनी एक अक्षरही मागे ठेवलेले नाही. मंदिर हा शब्दच एक वाचन आहे. त्याहून जुने वाचन ‘जगांतिया’ या नावात आहे. नावाचा संबंध राक्षसांशी असून, एका राक्षसिणीने मूल अंगावर घेऊन हे दगड वाहून आणले, अशी स्थानिक कथा आहे. महाराष्ट्रात अशा वेळी पांडव येतात. नाशिकच्या लेण्यांना ‘पांडवलेणी’ हे नाव त्यामुळेच पडले. दोन्हीकडे लोककथेने एकच प्रश्न सोडविलेला आहे : माणसाच्या आवाक्याबाहेरचे हे काम कोणी केले? पुरातत्त्व त्या कथेला चूक ठरवील. समीक्षेने मात्र ती त्या दगडांवरील पहिली टीका म्हणून वाचावयास हवी, कारण दगडाचा आकार हा अर्थाचा प्रश्न आहे, हे प्रथम तिनेच ओळखले.

बेटावरील स्थळाचे संरक्षण सुलभ असते आणि त्याचे वाचन एका विशिष्ट अर्थाने निर्दोष असते. तिकीट, कुंपण, छत्र, माहितीफलक या योजनेमुळे स्थळ सभोवतालापासून वेगळे होऊन स्वयंपूर्ण वस्तू म्हणून समोर येते. कलाकृतीच्या स्वायत्ततेचा सिद्धांत मराठीत मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) पासून दीर्घकाळ चर्चिला गेला; त्या सिद्धांतात कलाकृतीची प्रतिमा नकळत बेटाचीच आहे. अंतर्गत संबंधांनी पूर्ण, बाह्य संबंधांपासून मुक्त. या भूमिकेने मराठी समीक्षेला शिस्त दिली हे नाकारता येत नाही. परंतु थेऊर हे बेट नाही. नदीने मोकळी सोडलेली चौथी बाजू ही त्याची वाट आहे आणि त्या वाटेने महापाषाण रचणारे, धनगर, चिंचवडचे देव, पेशवे, अष्टविनायकांचे यात्रेकरू आणि कोसंबी असे सर्वजण आले. महापाषाणांचे वाचन म्हणजे या वाटेचे वाचन. आक्षेपाला उत्तर हेच की, ज्या दगडाला स्वतःची संहिता नाही, त्याच्यापर्यंत पोहोचणारी वाट हीच त्याची संहिता होय. आणि कोसंबींची खरी देणगी मूळ पाठाचा शोध ही नसून वाटेचे वाचन ही आहे. त्यांचा सिद्धांत थराचा आहे, परंतु त्यांची दृष्टी वाटेची आहे. त्यांच्या निबंधांत जे टिकाऊ आहे ते दुसऱ्या बाजूचे.

सहा

वाटेच्या वाचनाचा हा मुद्दा केवळ सैद्धांतिक नाही. ज्या १९६२ साली ‘मिथ अँड रिअॅलिटी’ प्रसिद्ध झाले, त्याच वर्षी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ सालीच उभा राहिला होता. पुढे भोसरी, चिंचवड, आकुर्डी आणि अखेर चाकण असा औद्योगिक पट्टा कोसंबींच्या पायवाटांवर पसरत गेला. १९८२ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली. या विस्ताराने दगड नाहीसे केले की नाही हा एक प्रश्न. परंतु त्याने वाटा निश्चितपणे नाहीशा केल्या. भूखंडाला कुंपण असते आणि कुंपणाला धनगरवाट ठाऊक नसते. भंडारा आणि भामचंद्र हे डोंगर आज कारखाने, गोदामे आणि गृहसंकुले यांच्या वेढ्यात बेटांसारखे उभे आहेत. स्वायत्ततावादी समीक्षेने जे कलाकृतीबाबत सिद्धांत म्हणून केले, ते औद्योगिक पट्ट्याने स्थळाबाबत प्रत्यक्षात आणले, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

या वेढ्यात स्थळाचे वाचन किती निर्णायक ठरू शकते, हे २००८ साली दिसून आले. चाकणजवळ शिंदे-वासुली येथे भामचंद्राच्या परिसरात नियोजित असलेल्या एका बहुराष्ट्रीय रसायन कंपनीच्या संशोधन केंद्राला ग्रामस्थ आणि वारकरी यांनी तीव्र विरोध केला. पुढे कंपनीने तेथून माघार घेतली. त्या विरोधामागे पर्यावरणाची चिंता होती, जमिनीचा प्रश्न होता. परंतु त्याला जी भाषा लाभली ती तुकारामाच्या भूमीची होती. डोंगराच्या बाजूने बोलू शकली ती गाथा. कोरीव गुंफांची प्राचीनता किंवा सूक्ष्मास्त्रांची साक्ष ही त्या वेळी घोषणा होऊ शकली नाही आणि होणेही शक्य नव्हते. गुंफा टिकावी म्हणून लढले ते गुंफेच्या मूळ रहिवाशांचे अनुयायी नव्हेत, तर तेथे नंतर वसती केलेल्या एका कवीचे वाचक. मूळ पाठाचा सिद्धांत या घटनेचा अर्थ लावू शकत नाही. वसतीचा लावू शकतो. उत्तरकालीन वाचनाने पूर्वकालीन स्थळ राखले. पाठचिकित्सेच्या भाषेत सांगावयाचे, तर प्रक्षेपाने मूळ वाचविले.

याची दुसरी बाजू अधिक अस्वस्थ करणारी आहे. ज्या स्थळी कोणी कवी उतरला नाही, त्याच्या बाजूने कोण बोलणार? थेऊरच्या चिंतामणीला देवस्थान आहे, यात्रा आहे, आरती आहे. पेशव्यांच्या स्मृतीला इतिहासकार आणि कादंबरीकार आहेत. महापाषाणांना काही इंग्रजी पाने आहेत. ती पाने त्यांच्या लेखकाने वैज्ञानिक नोंद म्हणून लिहिली, परंतु वाङ्मयप्रकाराच्या दृष्टीने पाहता त्यांचे जवळचे नाते ‘मॅन’मधील इतर टिपणांपेक्षा ‘स्थानपोथी’शी आहे : गावाच्या कोणत्या दिशेला, कोणत्या चढावर, कोणत्या वाटेने जावे म्हणजे काय आढळेल. फरक इतकाच की, ‘स्थानपोथी’मागे स्मरण करणारा पंथ होता, कोसंबींच्या पोथीमागे तसा पंथ नाही. ती मराठीच्या अभ्यासक्रमात नाही आणि मराठी समीक्षेच्या संदर्भजालातही तिला अद्याप जागा मिळालेली नाही. देशीवादाच्या चर्चेत देशीयतेचा पुरावा म्हणून ग्रंथ, भाषा आणि परंपरा यांचा निर्देश वारंवार झाला. पायाखालच्या भूमीचे वाचन करणारा हा लेखक, त्याची भाषा इंग्रजी म्हणून असो वा त्याचा मार्क्सवाद अडचणीचा म्हणून असो, त्या चर्चेच्या कडेलाच राहिला.

वारीच्या दिवसांत तुकारामाची पालखी देहूहून निघते आणि पहिला मुक्काम औद्योगिक पट्ट्याच्या मध्यभागी, आकुर्डीला करते. परंपरेने ठरलेल्या या मुक्कामाभोवती आज जे नगर उभे आहे ते बहुतांशी बाहेरून आलेल्यांचे आहे. मराठवाडा, विदर्भ, खानदेश येथून आणि अन्य राज्यांतून कामासाठी आलेल्या माणसांनी ते वसविले. या पट्ट्यात ‘वस्ती’ हा शब्द आता त्यांच्या घरांसाठी वापरला जातो. ही माणसे सुटीच्या दिवशी भंडाऱ्यावर चढतात, थेऊरला जातात आणि त्या दगडांकडे आपापल्या गावाकडून आणलेल्या नजरेने पाहतात. ती नजर कोसंबींची नाही आणि जुन्या धनगरांचीही नाही. तिचे लेखन अद्याप झालेले नाही. ते होईल तेव्हा या स्थळांच्या संहितेत आणखी एक वसती नोंदविली जाईल. तोवर मराठी समीक्षेपुढील काम मर्यादित पण स्पष्ट आहे : ‘लीळाचरित्र’, ‘स्थानपोथी’ आणि गाथा यांच्या शेजारी कोसंबींचे क्षेत्रीय निबंध ठेवून ते मराठी स्थळवाचनाच्या परंपरेतील संहिता म्हणून वाचणे, आणि त्यांतील मूळ पाठाचा आग्रह बाजूला ठेवून त्यांनी नोंदविलेल्या वाटा जपणे.